ज्याला येत नाही त्याची शाळा

“दोघांतलं एकच,” आबा म्हणाले. “एकच घालता येतंय तिथं. दोघांची फी आपल्याला झेपायची न्हाई.”

बेदाण्याची शेड नुकतीच रिकामी झाली होती. शेवटचा माल कोल्ड स्टोरेजला गेला होता, द्राक्षं सुकवायच्या रॅकच्या जाळ्या धुऊन वाळत घातल्या होत्या आणि आम्ही सगळे शेडमध्येच चहा घेत बसलो होतो. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि समोर खेळणाऱ्या दोन पोरांकडं बोट केलं. एक माझ्या थोरल्या दिरांचा अधिराज, दुसरी माझी शिवन्या. दोघं एकाच वयाची, दोघं पहिलीतली. पहिली कसली! कोरोनाचं वर्ष ते. पहिलीचं पुस्तक संपत आलं तरी पोरांनी पहिलीचा वर्ग आतून बघितला नव्हता.

“ज्याला जास्त येतंय त्याला घालायचं,” आबा पुढं म्हणाले. “पोरगं का पोरगी, मी बघत न्हाई. जमान्यापरमानं चालायचं.”

खरं सांगते, उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं मला. कारण उत्तर मला ठाऊक होतं. घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. शिवन्या पेपरमधल्या मोठ्या अक्षरातल्या बातम्या घडाघडा वाचायची आणि अधिराजला अजून स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं.

ती शाळा हायवेवरची. इंग्रजी. पिवळ्या बस, भलंमोठं मैदान, बारावीपर्यंतची सोय. गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढं शेजारच्या गावात सातवी. आणि सातवीनंतर आमच्या घरातल्या पोरी काय करतात हे मला दोन्ही नणंदांकडं बघून कळलं होतं. पण हायवेच्या शाळेत घातलेलं पोर मधेच कुणी काढत नाही. एवढी फी भरलेली असते, काढायला जीव होत नाही. म्हणून मला ती शाळा हवी होती. बस आणि मैदान गेलं खड्ड्यात, बारावीपर्यंत शिवन्याच्या शिक्षणाला कुणी हात लावला नसता.

या गोष्टीला आता पाच-सहा वर्षं झाली. आबा थकलेत, अधिराज माझ्या खांद्याला लागलाय. पण तो चहा आणि ते शब्द मला काल घडल्यासारखे आठवतात.

मी डी.एड. झालेली. लग्न ठरवताना सासरच्यांनी मोठ्या तोंडानं सांगितलं होतं, नोकरी लागली तर करू दे की! सांगायला काय जातंय? भरती निघतच नव्हती हे त्यांनाही माहीत होतं. मग सर्टिफिकेट गेलं ट्रंकेत आणि मी आले चुलीपुढं. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. आत्तींना तर करमणूकच झाली. “मास्तरीणबाई, भाकरी करपली. डी.एड.ला हे शिकवलं न्हाई व्हय?” असं दिवसातनं एकदा तरी व्हायचंच. मीही हसायचे. न हसून सांगते कुणाला?

आणि मग शाळा बंद झाल्या. एकदम, सगळ्याच.

मगदूम मॅडम आमच्या गावच्या शिक्षिका. जून उजाडला तसं त्या स्कूटीवरून गल्लीगल्लीत हिंडायला लागल्या. तोंडाला मास्क, हातात पुस्तकांचा गठ्ठा, आणि लांबूनच ओरडून बोलायचं. “पोरांना घरात घेऊन बसा! रोज थोडा वेळ!” आया घाबरायच्या. “बाई, आमालाच कुठं येतंय?” म्हणून दार लावून घ्यायच्या. एक तर म्हणाली, “मॅडम, तुमचा पगार तुमी घ्या, पोरं आमच्या गळ्यात कशाला?” मॅडम हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं, मास्कच्या वर तेवढंच दिसत होतं.

मग त्या माझ्याकडं आल्या. “रेश्मा, तू डी.एड. आहेस. पोरांना नको शिकवूस, आयांना धीर दे. एवढंच कर.”

असं माझं काम सुरू झालं. रिकामी शेड हवेशीर होती, चारी बाजूंनी उघडी. दुपारी गल्लीतल्या बायका पोरांना घेऊन यायच्या, लांब लांब बसायच्या. मी सांगायचे, वाचता येत नसलं तरी चालतंय. चित्र दाखवा आणि विचारा, ही बाई कुठं चालली असंल? पोराला बोलू द्या. भाकरीचं पीठ मळताना एक गोळा त्याच्या हातात द्या, मोठा कोणता, लहान कोणता ते विचारा. कपडे वाळत घालताना मोजून घाला. चुकलं तर मारू नका, हसू नका. बायकांना आधी पटेना. “हे काय शिकवणं झालं? हे तर आमी रोजच करतो.” मी म्हणायचे, “तेच तर. फक्त गप बसून करता, ते बोलून करा.”

माझी थोरली जाऊ सुवर्णा, तिला आम्ही अक्का म्हणायचो, ती सगळ्यांत जास्त भ्यायची. पुस्तक उघडायला लावलं की लाथ मारणाऱ्या म्हशीजवळ जावं तशी बिचकत जायची. सातवीत नापास झाल्यावर तिनं छापील कागदाला हात लावला नव्हता. पण महिन्याभरात काय झालं कोण जाणे, ती अधिराजला चित्रावरून अशा गोष्टी सांगायला लागली की बाकीच्या बायका निवडणं टिपणं सोडून ऐकायच्या. तिच्या गोष्टीतला वाघ आमच्या आत्तींसारखा बोलायचा. आम्ही दोघी हसून हसून लोळायचो. लग्न होऊन आल्यापासून जावा म्हणून एकमेकींवर डोळा ठेवून होतो, त्या वर्षी मैत्रिणी झालो. दुपारचं एका ताटात जेवायचो.

अधिराजचं मात्र अवघड होतं. पोरगं गोड. हुशार नव्हतं असं कोण म्हणेल? नुसत्या आवाजावरून कुणाचा ट्रॅक्टर आला ते सांगायचा. बिघडलेली टॉर्च उघडून परत जोडायचा. पण अक्षर काही टिकायचं नाही. मी रॅकच्या जाळीला चिमट्यांनी कार्डं लावायचे, क, म, ल. आज ओळखायचा, उद्या सगळं कोरं. मी त्याला वाळूत गिरवायला लावलं, पाठीवर बोटानं काढून ओळखायला लावलं, डी.एड.ला शिकले होते ते सगळं करून बघितलं. तास तास त्याच्यापाशी बसायचे. शिवन्या बाजूला बसून शेंगा फोडायची आणि मी त्याला शिकवलेलं हिला पाठ व्हायचं. हिला मी असं शिकवलंच नाही कधी. ती शिकली ती त्याच्या उष्ट्यावर.

एकदा आबा बघत उभे राहिले. “रेश्मा, त्या एकट्यामागं किती घसा कोरडा करतीस?”

मी म्हणाले, “आबा, ज्याला येत नाही त्याच्याजवळ जास्त बसायचं असतं. ज्याला येतंय ते पोर आपलं आपण शिकतंय.”

आबांना ते फार आवडलं. डेअरीवर जाऊन चारचौघांत सांगितलं म्हणे, आमची सून काय म्हणती ऐका. आत्तींनीसुद्धा त्या दिवसापासून मास्तरीणबाई म्हणताना तोंड वाकडं करायचं सोडलं. मला काय वाटलं असेल? सात वर्षांनी त्या घरात मला कुणी किंमत दिली होती. मी हवेत होते.

तर ती हायवेच्या शाळेची मुलाखत. शाळा बंद म्हणून मुलाखतही मोबाइलवर. शेडमध्ये रेंज चांगली यायची, म्हणून तिथंच रॅकवर फोन टेकवून ठेवला. दोन्ही पोरांना अंघोळ घालून, पावडर लावून उभं केलं. मी दोघांना सांगून ठेवलं होतं, हात बांधून सरळ उभं राहायचं, समोर बघायचं, येतंय ते मोठ्यानं सांगायचं.

आधी अधिराज. फोनमधल्या मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, “व्हॉट इज युवर नेम, बेटा?” मी मागून ओठ हलवले, अक्कानं देवाचं नाव घेतलं, थोरले भाऊजी घसा खाकरायला लागले. अधिराज फोनकडं कान लावून उभा. मग एकदम म्हणाला, “तुमच्याकडं जनरेटर चालू हाय का? त्याचा बेल्ट ढिला झालाय.”

मॅडमना कळेना. “काय म्हणतोय तो?” त्यांनी विचारलं. त्यानंतर त्यांनी कार्डं दाखवली, त्यानं एकही ओळखलं नाही. घाम फुटला होता त्याला. मला इतकी दया आली, वाटलं फोन बंद करून त्याला पोटाशी धरावं.

मग शिवन्या उभी राहिली. नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, मराठी वाचलं, इंग्रजी कविता म्हटली. मॅडमनी विचारलं, “तुला काय आवडतं?”

“मला बेदाणा आवडत न्हाई,” ही म्हणाली. “सारखा त्याचाच वास येतो.” मॅडम हसल्या. मग हिनंच विचारलं, “तुमच्या शाळंत फळा केवढा हाय?”

“खूप मोठा आहे. का गं?”

“मी अजून फळ्यावर लिवलं न्हाई. आमच्यात पाटीच हाय.”

फोन बंद झाल्यावर आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “वाघीण हाय रं ही,” म्हणाले. माझ्या कानांनी ऐकलंय मी ते.

आठवड्याभरात शाळेचा फोन आला, थोरल्या भाऊजींच्या नंबरवर. मुलीला प्रवेश नक्की. मुलाला पुढच्या वर्षी परत बघू. मी देवापुढं साखर ठेवली. शिवन्यानं दप्तर पाठीला अडकवलं ते जेवतानाही काढेना. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिला खांद्यावर घेऊन शेडला चक्कर मारली. अक्का मात्र उठून मागच्या दारी गेली. मला वाटलं, वाईट वाटलं असेल, वाटणारच की. मी ठरवलं, अधिराजला पुढच्या वर्षासाठी असा तयार करीन की बघत राहावं.

दुसऱ्या दिवशी थोरले भाऊजी मोटारसायकल घेऊन कुठंसे गेले, ते जेवायच्या वेळेला आले. पाट मांडलेले, मी भाकरी वाढत होते.

“बोललो मी,” भाऊजी आबांना म्हणाले. “सीट आपल्या नावावर हाय. पोराचं नाव बदलून देतो म्हनले. फी तेवढी येळेवर पायजे.”

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. “कुणाचं नाव बदलून?”

कुणीच वर बघेना. शेवटी आबाच बोलले, अगदी शांतपणे, समजावून सांगितल्यासारखं. “रेश्मा, बस जरा. मी रातभर इचार केला. शिवन्याला येतंय. तिला घरात येतंय, दारात येतंय, शेडमधी येतंय. शेंगा फोडत शिकली ती. तिला शाळा कशाला पायजे? आनि तू हाईस की घरात, आयती मास्तरीण. अधीला कोन हाय? त्याला येत न्हाई. ज्याला येत न्हाई त्यालाच शाळा पायजे, का न्हाई?”

“आबा, तुम्ही म्हणाला होता, ज्याला जास्त येतंय त्याला.”

“म्हनलो हुतो. चुकलं माझं,” आबा म्हणाले. “तुझंच बरोबर. तूच न्हवं का म्हनलीस, ज्याला येत न्हाई त्याच्याजवळ जास्त बसायचं? मी तेच करतोय.”

सासऱ्यानं सुनेसमोर चूक कबूल केली, असं त्या घरात पहिल्यांदाच घडलं. आणि ते असं!

“आबा, मी शिकवण्याबद्दल बोलत होते. शाळा हिसकावून घेण्याबद्दल नाही. परीक्षा तिनं दिली. पास ती झाली. त्या मॅडमनी तिचं नाव घेतलं.”

“आवाज खाली,” आत्ती म्हणाल्या. “पोरीची जात. शिकून शिकून दुसऱ्याच्याच घरात जानार. तुझंच बघ की, डी.एड. करून काय केलंस? शेवटी हितंच भाकऱ्या थापतीस.”

“थापते ना. म्हणूनच म्हणते, तिला घाला.”

मी ह्यांच्याकडं बघितलं. बापापुढं, भावापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं माणसानं, पण काल लेकीला खांद्यावर घेऊन नाचला होता. हे ताटातल्या आमटीकडं बघत होते. म्हणाले, “आबा म्हनत्यात त्यात पॉइंट हाय.”

पॉइंट! त्या शब्दाचा मला आजही राग येतो. पदर खोचून आमटीचं भांडं तिथंच उपडं करावं असं वाटलं. केलं नाही. हातातली भाकरी खाली ठेवली आणि बाहेर आले.

अक्का मागच्या दारी धुण्याच्या दगडावर नुसती बसली होती. पुढ्यात कपडे भिजलेले. मी म्हणाले, “अक्का, तू तरी बोल. तुझं ऐकतील. तू बघितलंयस सगळं.”

“काय बोलू?” तिचे डोळे सुजलेले होते, म्हणजे तिला कालपासून ठाऊक होतं. “माझं पोर ढ ऱ्हाऊ दे, असं म्हनू? आपल्या तोंडानं म्हनू? तू आई हाईस तशी मी बी हाय, रेश्मा. तुझी पोर कुठं बी टाकली तरी उगवंल. माझ्याचं काय?”

“पुढच्या वर्षी त्याला मी...”

“पुढच्या वर्षी त्याला आलं न्हाई मंजे? तू काय देव हाईस?” ती रडायलाच लागली. “तूच मला शिकवलंस न्हवं, पोरासाठी लाजायचं न्हाई म्हनून. न्हाई लाजत मी.”

तिचं ते खोटं नव्हतं, हेच वाईट. त्या दिवसापासून आम्ही दोघी एका ताटात कधी जेवलो नाही.

शिवन्या दप्तर पाठीला लावूनच अंगणात उभी होती. सगळं ऐकलेलं. “आई, मी पास झाले न्हवं?”

“झालीस बाळा.”

“मग अधी का जानार?”

मी तिचं दप्तर काढून घेतलं. “त्याला जास्त गरज आहे म्हणून.”

“का?”

“त्याला येत नाही म्हणून.”

ती रडली नाही, हट्ट केला नाही. “बरं,” म्हणाली आणि पाटी घेऊन शेडकडं गेली. मला वाटलं, किती समजूतदार आहे माझी लेक.

जून आला. आणि गंमत बघा नशिबाची, शाळा बंदच! हायवेची शाळा काय आणि गावची शाळा काय, सगळ्यांनाच कुलूप. एवढी फी भरली आणि पोरगं परत आमच्याच शेडमध्ये, त्याच रॅकपुढं. फक्त आता अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय आणि खाली घरातली चड्डी. फोनवर शाळा भरायची. फोनमधली बाई इंग्रजीत काहीतरी विचारायची आणि अधिराज भेदरून इकडंतिकडं बघायचा.

“रेश्मे, बस की जरा त्याच्यापाशी,” आत्ती म्हणायच्या. “ती बया काय म्हनती आमाला कळत न्हाई.”

बसले. हो, बसले मी. राग होता तो मोठ्यांवर. ते लेकरू फोनमधल्या बाईकडं नाही, माझ्याकडं बघायचं. एकदा टाय ओढत म्हणालं, “काकी, ह्यो काढून शिवन्याला दे की. मला नको.” त्याला उठवून जाणं मला जमलं नाही. रोजची सगळी सकाळ त्याच्यात जायची.

शिवन्या शेजारीच असायची. आधी मला काही जाणवलं नाही. मग एक दिवस तिनं पाटीवर सात उलटा काढला. मी म्हणाले, “काय गं, झोपेत आहेस का?” ती हसली. मग मोजताना मधलेच आकडे गाळायला लागली. मग आई हा शब्द लिहायला सांगितला तर पाटी कोरीच पुढं केली. मी घाबरले. तिला तासगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे एकदम छान आहेत. घरी आल्यावर मी चिडून बोलले, “लक्ष कुठं असतं तुझं? गेल्या वर्षी येत होतं ते आता कसं येत नाही?”

“इसरले,” ती म्हणाली.

मी स्वतःलाच शिव्या घातल्या, अधिराजपायी हिच्याकडं दुर्लक्ष झालं म्हणून. संध्याकाळी तिला वेगळं घेऊन बसायला लागले. काही उपयोग नाही. दिवसेंदिवस पोरगी मागं मागं चाललेली.

मगदूम मॅडम गावातल्या पोरांना तपासायला आल्या ती सकाळ. कुणाला किती वाचता येतंय ते बघायचं होतं. आबा खाटेवर बसले होते, आत्ती आणि अक्का जाळ्या शिवत होत्या, भाऊजी कुठं जायच्या तयारीत होते. अधिराजच्या फोनच्या शाळेला सुट्टी झाली होती, तो तिथंच टाय सोडवत बसला होता.

मॅडमनी हौसेनं शिवन्याला जवळ बोलावलं. “ये गं माझी हुशार पोरगी. हे वाच बघू.”

शिवन्या पुढं आली. हात बांधून, सरळ उभी राहून, मुलाखतीला उभी राहिली होती तश्शी. कार्डाकडं बघितलं. “येत न्हाई.”

“बरं, हा शब्द?”

“येत न्हाई.”

“हे अक्षर तरी?” मॅडमनी क वर बोट ठेवलं.

“येत न्हाई.”

“बरं बाळ, ही बोटं मोज.”

“मोजायला बी येत न्हाई.”

मॅडमचा चेहरा पडला. “रेश्मा, अगं हे काय झालं? मागच्या वर्षी ही माझ्या सगळ्या गावात पुढं होती.”

मला शरमेनं वर बघवेना. तेवढ्यात आबा म्हणाले, “बरं झालं बाई, हिला तिथं घातली न्हाई ते. सगळं पैसं पान्यात गेलं असतं.”

“तर काय!” भाऊजी हसले. “चार दिसाचं नवं हुतं ते.”

मी शिवन्याकडं बघितलं. मला वाटलं आता रडेल. पण ती रडत नव्हती. चेहरा असा उजळलेला, जणू बक्षीस द्यायला नाव पुकारतील म्हणून वाट बघत उभी आहे. तशीच हात बांधून ती आबांकडं वळली.

“आबा, मला आता कायबी येत न्हाई,” ती मोठ्यानं, अगदी स्पष्ट म्हणाली. “एक अक्षर येत न्हाई. आता मला घाला की शाळंत.”

अक्काच्या हातातली सुई थांबली. मगदूम मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि बघतच राहिल्या. आणि मला एकदम सगळं कळलं, उलटा सात, कोरी पाटी, गाळलेले आकडे, सगळंच. मी रॅकला धरून उभी राहिले.

“न्हाई, आबा!” अधिराज ओरडला. टाय एका हातात घेऊन धावत पुढं आला. पोराचं मन निर्मळ, बहिणीला कुणी ढ म्हटलेलं त्याला सहन होईना. “खोटं बोलतीया ती! तिला सगळं येतंय! माझं इंग्लिशचं पुस्तक ती मला वाचून दाखवती, गोठ्यात नेऊन. काल बी दाखवलंय. माझ्यापेक्षा जास्त येतंय तिला!”

शिवन्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवायला बघितलं, पण सांगून झालं होतं.

आबांचा जीव भांड्यात पडला. मांडीवर थाप मारून ते केवढ्यांदा हसले. “बघा! मंजे येतंय की पोरीला! उगं बाईंचा जीव घाबरा केलास व्हय गं? मग तुला शाळा कशाला पायजे?” आणि मान वळवून म्हणाले, “सुवर्णा, च्या टाक बाईंना.”

सगळे सैल झाले. अक्का उठून चुलीकडं गेली, भाऊजींनी मोटारसायकलची किल्ली उचलली. शिवन्या आधी आबांकडं बघत राहिली, मग अधिराजकडं. मग माझ्यापाशी आली आणि माझा पदर ओढला.

“आई,” तिनं हळूच विचारलं, “मग मी काय सांगू? येतंय म्हनू का येत न्हाई म्हनू?”